ग्रंथालयाचीही शाकारणी करावी लागते

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सादर नमस्कार.

आपले महाविद्यालय चालवणाऱ्या तुमच्या मंडळाची वार्षिक बैठक मे महिन्यातच का असते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईचे सभासद आंब्यांना आणि घराच्या शाकारणीला, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायला, याच दिवसांत येतात. सकाळी छपरावरचे नळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, कुजलेली रीप बदलायची, आढ्यावरचे कोने नीट बसवायचे आणि संध्याकाळी बैठकीला यायचे. यंदाच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय ‘ग्रंथालयाचे आधुनिकीकरण’ असा आहे. मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मोठी देणगी जाहीर केली आहे. त्यातून प्रत्येक पुस्तकाला आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी वाचता येणारी पट्टी), दाराशी चोरी पकडणारे फाटक, विद्यार्थ्याने स्वतःच पुस्तक नोंदवून न्यायचे यंत्र आणि संगणकांच्या खोलीला वातानुकूलन घ्यायचे असा प्रस्ताव आहे. कोटेशनही आले आहे. ते माझ्याकडे आले ते सहीसाठी, मतासाठी नाही.

म्हणून हे पत्र. यापूर्वी तीन पत्रे रीतसर आवक-जावक क्रमांक घालून दिली, ती फाइलला लागली. हे खुले लिहिते आहे, कारण ज्यांनी पैसे दिले त्या चाकरमान्यांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे. एकवीस वर्षे मी इथे ग्रंथपाल आहे आणि दिवाळीनंतर निवृत्त होते आहे. तेव्हा यात मला स्वतःसाठी मागण्यासारखे काही उरलेले नाही.

आधी माणसांचे बोलू. आकृतिबंधाप्रमाणे, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेप्रमाणे, आपल्या ग्रंथालयात माझ्याखेरीज एक सहायक, एक लिपिक आणि दोन परिचर हवेत. सहायक निवृत्त झाले, ती जागा भरली नाही. लिपिकाला परीक्षा विभागाने ‘तात्पुरते’ नेले, त्याला सहा वर्षे झाली. दोनपैकी एक परिचर वारले. राहिलो मी आणि एक परिचर. पदभरतीला शासनाची मान्यता मिळत नाही हे तुमचे उत्तर खरे आहे, मी ते नाकारत नाही. पण हिशेब विभागात आणि परीक्षा विभागात संस्थेने स्वतःच्या निधीतून मुले ठेवलीच ना? ग्रंथालयाची पाळी आली की तेवढा शासननिर्णय आठवतो.

त्या एका परिचरांविषयी थोडे सांगते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. शिक्षण दहावी. पावसाळ्यात रोज सकाळी ते कपाटांच्या रांगेतून चालतात आणि पुस्तकांच्या पाठीवरून उलटा हात फिरवत जातात. मध्येच थांबतात, एखादे पुस्तक उपसतात, नाकाशी धरतात आणि म्हणतात, “हेका ऊन दाखवूक व्हया.” उघडून बघावे तर बांधणीच्या आतल्या शिवणीजवळ करड्या बुरशीची नुकती सुरुवात झालेली असते, डोळ्याला दिसेल न दिसेल अशी. पुस्तके खाणारी कसर कुठल्या कपाटात आहे, वाळवी कुठल्या भिंतीतून येते, हे त्यांना पाठ आहे. गेल्या ऑगस्टमध्ये दहा दिवस ते तापाने घरी होते. मी देवघेवीच्या टेबलावरून उठू शकले नाही. अकराव्या दिवशी आले तेव्हा इतिहासाच्या कपाटातली खालची रांग जवळजवळ सगळी बुरशीने धरली होती. ती पुस्तके अजून वेगळी ठेवली आहेत, बघायची असतील तर दाखवीन. ओल नाकाने ओळखणारे यंत्र कोटेशनमध्ये मला सापडले नाही.

दोन माणसांत ग्रंथालय चालवायचे म्हणजे काय, याचा हिशेब एसटीच्या वेळापत्रकावर होतो. खाडीपलीकडच्या गावांतली मुले पहिल्या गाडीने येतात, आठच्या आत फाटकाशी असतात. तास नऊला सुरू होतात. परतीची शेवटची उपयोगाची गाडी पावणेपाचची. म्हणजे मुलांकडे वाचायला वेळ आहे तो सकाळचा तास-सव्वा तास, आणि आपले ग्रंथालय उघडते साडेदहाला. संध्याकाळी साडेपाचपर्यंत आम्ही उघडे ठेवतो तेव्हा आत मी, परिचर आणि पंखा. हे मी तीन वेळा लिहून दिले. सकाळी आठला उघडायचे तर तिसरा माणूस हवा, एवढेच त्याचे उत्तर आहे. आणि मी रजेवर असताना परिचरांना कुणाच्या तेराव्याला जावे लागले, की दाराला कुलूप.

कुलूप असले तरी मुले येतात. पायरीवर बसतात, कारण ग्रंथालयाचे वायफाय पायरीपर्यंत पोचते आणि त्यांच्या घरी रेंज नसते. २०२० साली हीच मुले ऑनलाइन तासांसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसत होती, डोक्यावर छत्री धरून. आपण त्यांना ‘मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली पिढी’ म्हणतो. त्या पायरीवर एकदा थांबून बघा, निम्म्यांच्या हातात विद्यापीठाची प्रश्नपत्रिका असते.

आता पैशांचे. रक्कम कमी आहे ही तक्रार सगळेच ग्रंथपाल करतात, मी ती बाजूला ठेवते. माझी तक्रार रकमेपेक्षा महिन्याची आहे. पुस्तकांचा पैसा आपल्याकडे फेब्रुवारीत मोकळा होतो आणि ३१ मार्चच्या आत बिले लावायची असतात. मग विक्रेते येतात, जे त्यांच्या गोदामात आहे ते टेम्पोत घालून येतात, आणि प्राध्यापक परीक्षेच्या गडबडीत यादीवर सह्या करतात. अशा खरेदीतल्या कितीतरी पुस्तकांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. उलट, पैसा लागतो तो जून-जुलैमध्ये. नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून आपल्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत आला. श्रेयांकांची (क्रेडिटची) रचना बदलली, कौशल्याचे आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे नवे पेपर आले, आणि बुक बँकेतले पाठ्यपुस्तकांचे संच एका वर्षात जुने झाले. मुले जुलैत पुस्तक मागतात, मी त्यांना मार्चची वाट बघायला सांगते. तोवर सत्र संपलेले असते.

नियतकालिकांचे आणखी वेगळे. त्यांची वर्गणी बहुतेक जानेवारी ते डिसेंबर चालते आणि आगाऊ भरावी लागते. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. दरवर्षी लेखापरीक्षक विचारतात, “अंक आला नाही, पैसे कसे दिले?” आणि दरवर्षी मी तेच उत्तर लिहून देते. या एका गोष्टीवर जेवढा कागद गेला, तेवढ्यात एखाद्या मासिकाचा अंक निघाला असता.

आणि एक प्रसंग सांगते, यात दोष आपल्याच कार्यालयाचा आहे आणि थोडा माझाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राची ‘एन-लिस्ट’ नावाची सेवा आपण घेतो. तिच्यातून महाविद्यालयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सहा हजारांवर नियतकालिके आणि लाखभराहून जास्त ई-पुस्तके स्वतःच्या लॉगिनने वाचता येतात. त्या वर्षी तिची फी जीएसटीसकट ५,९०० रुपये होती. आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे बिल किती झाले, ते तुम्हाला माहीत आहे. त्या ५,९०० रुपयांचे व्हाउचर दुसऱ्या सहीसाठी चार महिने टेबलावर पडून राहिले, कारण सही करणारे मुंबईत होते. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही, कंटाळले होते. सेवा बंद झाली ती नेमकी एम.ए.च्या मुलांचे प्रकल्प चालू असताना. अशा वार्षिक वर्गण्यांसाठी अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष आणि ठरावीक रकमेपर्यंत प्राचार्यांची एकच सही, एवढे केले तर हे पुन्हा होणार नाही.

मध्यंतरी मंडळातल्या एका सन्माननीय सदस्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची, म्हणजे केंद्राने एकत्र वर्गणी भरून संशोधन-नियतकालिके वाचायला देण्याच्या योजनेची, बातमी पाठवली आणि खाली लिहिले, “आता वर्गणीची तरतूद काढून टाकता येईल.” योजना मोठी आहे, शंका नाही. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. पण ती मंजूर झाली आहे केंद्र आणि राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. आपल्या महाविद्यालयाचे व्यवस्थापन शासन करत नाही, तुम्ही करता. आणि समजा उद्या ती आपल्यापर्यंत पोचली, तरी त्या तेरा हजारांत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठीतून अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हवे असलेले पुस्तक नसेल. तिला हवी असते कुठल्यातरी मराठी प्रकाशकाची, दोनशे-अडीचशे रुपयांची, ताज्या अभ्यासक्रमाची प्रत. त्या एका प्रतीची वर्गात बारा मुले वाट बघत असतात.

तंत्रज्ञानाला माझा विरोध आहे असा समज मंडळात पसरला आहे, तो कुणी पसरवला हे मला कळते. तेव्हा या ग्रंथालयातल्या पहिल्या आधुनिकीकरणाची हकीकत सांगते. मी रुजू झाले त्याच्या पुढच्या वर्षी एका विक्रेत्याकडून संगणकप्रणाली घेतली. उद्घाटन झाले, नारळ फुटला, फोटो छापून आला. प्रणाली ज्या फॉन्टमध्ये मराठी लिहायची तो युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या, आधीचा, त्या विक्रेत्याचा स्वतःचा. आम्ही तिघांनी चार वर्षे रोज बसून नोंदी भरल्या. पुढे विक्रेत्याने धंदा बंद केला. वार्षिक देखभालीचा करार संस्थेने तसाही दुसऱ्याच वर्षी सोडला होता. मग एका जूनमध्ये, पहिल्या पावसात, वीज लाइनवरून आत आली आणि सर्व्हर गेला. बॅकअप होता. तो त्याच सर्व्हरवर होता.

एका जुन्या डिस्कवरून निम्मी माहिती परत मिळाली. पडद्यावर लावली तर पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. लेखकाचे आडनाव म्हणून स्वल्पविराम, कंस आणि टक्क्याचे चिन्ह. फॉन्ट नसेल तर त्या नोंदींना काही अर्थ उरत नाही. आम्हाला तारले ते कपाटातल्या दाखल नोंदवह्यांनी. लाल कापडी पाठीच्या, शाईने लिहिलेल्या, माझ्या आधीच्या दोन ग्रंथपालांच्या अक्षरातल्या. पहिल्या पुस्तकापासून पुन्हा भरायला घेतले, आणि खरे सांगायचे तर ते काम अजून संपलेले नाही. मराठीच्या नोंदी पूर्ण झाल्या, विज्ञानाच्या निम्म्या राहिल्यात. आरएफआयडीचा टॅग पुस्तकाला चिकटवला की तो कुठल्यातरी नोंदीशी जोडावा लागतो. ज्याची नोंदच नाही त्याचा टॅग म्हणजे चिकटवलेला एक चौकोन.

या वेळी आम्ही ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली घेतली. ती फुकट मिळते, हे ऐकून मंडळाने लगेच मान्यता दिली होती. कोहा जन्मली न्यूझीलंडमध्ये, होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या छोट्या ग्रामीण ग्रंथालयांसाठी. तोही समुद्रकाठचाच मुलूख. त्यांची जुनी प्रणाली २००० सालाची तारीख पेलणार नव्हती, विकतची परवडत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची करून घेतली आणि जगासाठी खुली केली. २००० च्या जानेवारीत ती चालू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेटवस्तू. पण भेट म्हणून मिळालेल्या गाईलाही वैरण लागते. कोहासाठी लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली जाणणारा माणूस लागतो, बाहेरच्या जागी रोजचा बॅकअप लागतो, दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती चढवावी लागते. आज हे सगळे आपल्याच एका माजी विद्यार्थ्याच्या भरवशावर चालले आहे, जो पुण्यात नोकरी करतो आणि गणपतीत घरी आला की दोन दिवस इथे येऊन बसतो. त्याला आपण अजून चहाशिवाय काही दिलेले नाही. गणपती आणि शिमगा यांच्यामध्ये काही बिघडले तर देवघेव वहीवर येते.

राहिले फाटक. दिवसाला शेकडो पुस्तके फिरतात तिथे आरएफआयडी कामाचे आहे, मी मुंबईत बघितले आहे, वाईट नाही. आपल्याकडे चांगल्या दिवशी साठ-सत्तर पुस्तके जातात-येतात. त्याला बारकोड पुरतो. खाऱ्या हवेत आपली लोखंडी कपाटे किती वर्षांत गंजली हे तुम्ही पाहिले आहे, फाटकातल्या सर्किटला ती हवा वेगळी वागणूक देईल असे मला वाटत नाही. आणि चोरीची भीती किती धरायची? केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सरळ लिहिले आहे की वर्षात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी मानावे, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. हजार रुपयांवरच्या किंवा दुर्मीळ पुस्तकाची मात्र चौकशी व्हावी. आपल्याकडे हा नियम लागू नसेलही, पण त्यामागचा विचार लागू करायला कोण अडवते? इथे गहाळ पुस्तकाची किंमत पगारातून कापण्याची धमकी असते, म्हणून ग्रंथपाल कपाटांना कुलपे लावतो आणि मुले खिडकीतून चिठ्ठी देऊन पुस्तक मागतात. मीही सुरुवातीची आठ वर्षे तेच केले. भीतीपोटी केले, हे आज कबूल करते.

एक गोष्ट मात्र कोटेशनमध्ये असायला हवी होती आणि नाही: पुरापासून बचाव. चार वर्षांपूर्वी वर्गांना पहिला मजला हवा म्हणून ग्रंथालय तळमजल्यावर आणले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले. १८६४ पासूनचे तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाण्यात गेले, आणि त्याआधी २००५ च्या पुरातही गेले होते. आपला ओहोळ वाशिष्ठी नाही, मान्य. पण भरती आणि ढगफुटी एका वेळी आली तर तो कुठवर येतो, हे जुन्या माणसांना विचारा. आम्ही दोघांनी यंदा सगळ्या कपाटांचा खालचा खण रिकामा केला. हस्तलिखिते आणि जुने गॅझेटियर वरच्या खणात ठेवले. त्यामुळे जागा अपुरी पडते आहे. जागा होईल, जर विंडोज ९८ ची बत्तीस पाठ्यपुस्तके आणि तशीच आणखी बाद करायला निर्लेखन समिती बसेल. तिची बैठक शेवटची कधी झाली ते मला आठवत नाही.

तर देणगीचे काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. मोठा भाग बँकेत कायम ठेव म्हणून ठेवा आणि त्याच्या व्याजातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेला एक मुलगा किंवा मुलगी नेमा. आपल्या तालुक्यात अशी मुले आहेत, मुंबईला जाऊन कुठल्या ना कुठल्या कार्यालयात डेटा भरतात. सकाळी आठला ग्रंथालय उघडणे, राहिलेल्या नोंदी पुऱ्या करणे आणि कोहा शिकून घेणे, ही त्याची पहिल्या वर्षाची कामे. उरलेल्या रकमेत बारकोडचा प्रिंटर, बाहेर ठेवायच्या बॅकअपची सोय, पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेणारी दोन यंत्रे आणि वीजरोधक आणि अर्थिंग बसते. वातानुकूलनाचा हट्ट असेल तर एक खोली, दुर्मीळ पुस्तकांची, माणसांची नव्हे. आणि पुढच्या प्रत्येक अंदाजपत्रकात, ग्रंथालयासाठी काहीही नवे घेतले की त्याच ओळीखाली त्याच्या वार्षिक देखभालीचा आकडा लिहायचा. तो लिहायला जमला नाही तर ती वस्तू घ्यायची नाही.

शिवाय माझ्या जागेची तयारी आत्तापासून करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्रात पंचावन्न टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. जाहिरात, मान्यता, निवड समिती यात वर्ष सहज जाते. दिवाळीनंतर भूगोलाच्या सरांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून किल्ल्या जाणार, अशी कुजबुज मी ऐकली आहे. सर चांगले आहेत, पण त्यांना कसरीचा वास ओळखता येत नाही आणि मला त्यांना तो दिवाळीपर्यंत शिकवता येणार नाही.

शाकारणीला कुणी फीत कापत नाही आणि नळ्यांवर कुणाच्या नावाची पाटीही बसत नाही, हे मला कळते. देणगीदारांना पाटी हवी असेल तर ती दर्शनी भिंतीवर जरूर लावा, मी स्वतः पुसून ठेवीन.

बैठकीच्या दिवशी रविवार असला तरी ग्रंथालय सकाळपासून उघडे ठेवते. विषयपत्रिकेवरचा सातवा विषय येण्याआधी दहा मिनिटे खाली या. पडवीत गोणपाटावर पुस्तके उन्हाला टाकलेली असतील, परिचर त्यांची पाने उलटत बसलेले असतील. चपला बाहेर काढून या आणि डाव्या बाजूने चाला, उजवीकडे गॅझेटियर आहेत.

आपली,
महाविद्यालयाची ग्रंथपाल